साडेसाठ फूट

शशिधर सबनीस मला पहिल्यांदा दिसला तो पाठमोरा. २००३ सालचा मे महिना होता. पुण्याहून वर्क परमिटवर बेसिंगस्टोकला येऊन मला आठ महिने झाले होते आणि इथला रविवार कसा घालवायचा हे अजून कळलं नव्हतं. बायको, सुचेता, तेव्हा पुण्यातच होती. घराजवळच्या पार्कात हिंडताना झुडपांच्या कुंपणापलीकडे काही माणसं बॅटी घेऊन खेळताना दिसली. मला वाटलं, राउंडर्स, म्हणजे इथल्या शाळांतला बॅट-चेंडूचा खेळ, असेल. जवळ गेलो तर बेसबॉल निघाला. कडेला हाताची घडी घालून उभ्या असलेल्या माणसाच्या जर्सीवर ठसठशीत इंग्रजी अक्षरांत ‘सबनीस’ लिहिलेलं होतं.

मी मागूनच मराठीत विचारलं, “सबनीस म्हणजे कुठले?”

तो वळला. उंच, रुंद खांद्यांचा, तिशीच्या आतला. “बर्मिंगहॅम,” तो म्हणाला.

मी गाव विचारलं होतं आणि त्याने गावच सांगितलं होतं.

दोन मिनिटांत त्याने मला विचारलं, “तू क्रिकेटचा स्कोअरिंग केला आहे का? आमची स्कोअरर गेली. ऑस्ट्रेलियाला.” पुण्यात ऑफिसच्या सामन्यांची वही मी वर्षानुवर्षं लिहिली होती. त्याच दुपारी त्याने मला घडीच्या टेबलापाशी बसवलं, पेन्सिल दिली, आणि मी हॅम्पशर हेरन्स नावाच्या, तेरा खेळाडू आणि एक गळका तंबू एवढी मालमत्ता असलेल्या क्लबचा स्कोअरर झालो. पुढची तीन वर्षं माझे रविवार गेले ते असे.

शशी तिथला कोच होता. फेकणाऱ्याकडे, म्हणजे पिचरकडे, तो असा बघायचा की नवख्याला वाटावं, हा माणूस कोणावर तरी संतापला आहे. पिचर मैदानातल्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो. त्या उंचवट्याला माउंड म्हणतात. तिथून बॅटरपर्यंतचं अंतर साडेसाठ फूट. चेंडू टप्पा न पडता थेट अंगाच्या रोखाने येतो. शशी त्यातलं काय काय बघायचा! “तुझा पुढचा पाय अर्धा इंच लवकर पडतो,” असं तो चाळीस पावलांवरून सांगायचा, आणि ते खरं असायचं.

एक गोष्ट मात्र माझ्या हळूहळू लक्षात आली. शशी स्वतः कधी चेंडू फेकत नसे. घरंगळत त्याच्याकडे आला, तर उचलून चालत जाऊन कुणाच्या तरी हातात द्यायचा. बॅटिंगच्या सरावाला त्याने कुठूनतरी जुनं फेकयंत्र आणलं होतं. संघातली मुलं म्हणायची, कोचचा खांदा गेलाय. मीही तेच धरून चाललो.

खरी हकिगत मला नंतर, तुकड्या-तुकड्यांनी, बाहेरगावच्या सामन्यांना जाताना त्याच्या गाडीत कळली. ती इथेच सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

शशीचे वडील विष्णू सबनीस अडुसष्ट साली ठाण्याहून बर्मिंगहॅमला आले आणि गिअरबॉक्सच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले. आई, सुमनताई, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. विष्णूरावांना एकच वेड, क्रिकेट. मुलाने काउंटीकडून खेळावं म्हणून ते शिफ्ट संपवून पोराला नेट्सवर घेऊन जायचे. पोरगा फेकायचा भन्नाट, पण अंपायर हात आडवा करायचे: नो-बॉल. कोपर वाकतं, ही बोलिंग नव्हे. चौदा वर्षांच्या मुलाला एका सामन्यात सहा वेळा नो-बॉल दिला गेला तेव्हा विष्णूराव मैदानात जाऊन अंपायरशी भांडले होते. शाळेत खेळ शिकवणारे एक कॅनेडियन मास्तर होते. ते शशीला म्हणाले, “आमच्या खेळात कोपर वाकवणं हा गुन्हा नाही. ते तर वाकवावंच लागतं.”

एकोणिसाव्या वर्षी त्या मास्तरांच्या ओळखीने शशी अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजात गेला आणि एकविसाव्या वर्षी मिडवेस्टमधल्या एका व्यावसायिक संघाने त्याला घेतलं. मोठ्या लीगपासून चार पायऱ्या खाली असलेला संघ. बसमध्ये झोपायचं, गॅस स्टेशनवर जेवायचं, पण फेकण्याचा पगार मिळायचा. ताशी एकोणनव्वद मैल वेगाने तो फेकायचा. स्थानिक पेपरात त्याचा फोटो आला, तो विष्णूरावांनी लॅमिनेट करून कारखान्यात नेला. तिथे कुणाला बेसबॉल कळत नव्हतं. मुलाने क्रिकेट सोडलं म्हणून विष्णूरावही आधी रागावलेलेच होते. पण फोटो नेला.

तीन मोसम असे गेले. चौथ्यात, अठ्ठ्याण्णवच्या जुलैत, एका संध्याकाळच्या सामन्यात शशीचा चेंडू हातातून किंचित उशिरा सुटला. समोर टायलर हॅन्सन नावाचा बावीस वर्षांचा बॅटर होता. चेंडू हेल्मेटच्या कडेखाली, गालाच्या हाडावर बसला. “तो आवाज...” शशी मला म्हणाला. हॅन्सनचा डावा डोळा गेला.

आठवड्याभराने शशी पुन्हा माउंडवर उभा राहिला. हात वर गेला, खाली आला, आणि चेंडू त्याच्या पायापासून सहा फुटांवर मातीत आपटला. दुसरा बॅटरच्या डोक्यावरून मागच्या जाळीत गेला. लोक हसले. तिसरा हातातून सुटलाच नाही.

“माझा बोटं ऐकत नव्हती,” शशीने मला सांगितलं. त्याचं मराठी असंच होतं, घरात ऐकलेलं, कधी न लिहिलेलं. “खांदा ओके, कोपर ओके. डॉक्टरने सगळा स्कॅन केला. काही नाही. फक्त बोटं. त्यांना माहीत होतं मी काय केलं.”

सहा आठवड्यांत संघाने त्याला मोकळं केलं. चोविसाव्या वर्षी तो आईवडिलांच्या घरी, शाळेत असतानाच्या खोलीत परत आला. विष्णूरावांनी त्याला एकच प्रश्न विचारला. “त्या मुलाला हॉस्पिटलात भेटून आलास ना?”

शशी म्हणाला, “हो, बाबा.”

तो गेला नव्हता. हॉस्पिटलच्या पार्किंगपर्यंत दोनदा गेला होता, गाडीतून उतरला नव्हता. विष्णूराव म्हणाले, “बरं केलंस. माणसाने तोंड चुकवू नये.” त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. २००१च्या फेब्रुवारीत ते गेले.

“बाबा गेले ना, तेव्हा मला समजला, आता खरं सांगायला पण कोणी नाही,” शशी म्हणाला. गाडी चालवत होता. समोर मोटरवेवर पाऊस होता.

त्याच वर्षाच्या शेवटी त्याचं लग्न झालं. ऋजुता पुण्याची, बर्मिंगहॅमच्या एका बँकेच्या प्रोजेक्टवर आलेली. तिला बेसिंगस्टोकला नोकरी मिळाली म्हणून दोघं इथे आली. लेजर सेंटरमध्ये, म्हणजे कौन्सिलच्या क्रीडाकेंद्रात, शशीला काम मिळालं आणि रविवारी हा क्लब. कोच म्हणून तो जगू शकत होता, कारण कोचला फेकावं लागत नाही. ऋजुताला त्याने हॅन्सनचं सांगितलं होतं. बोटांचं सांगितलं नव्हतं. तीही खांदाच समजत होती.

२००३च्या त्याच उन्हाळ्यात कुश आला. सतरा वर्षांचा. त्याचे वडील जयंत इंजिनिअर, आई शिल्पा डेंटिस्ट, घर पार्कापासून दहा मिनिटांवर. लांब हातांचा, लाजरा, कुणाशी न बोलणारा मुलगा. त्याने पहिल्या दिवशी दहा चेंडू फेकले, आणि शशी हाताची घडी सोडून दोन पावलं पुढे आला. मी त्याला असं करताना तोवर पाहिलं नव्हतं.

पुढच्या दोन वर्षांत शशीने कुशला घडवलं, हा शब्द मी विचार करून वापरतो. २००४मध्ये आमच्या भागात तरुण पिचर-बॅटरांसाठी एक छोटी अकादमी निघाली आणि शशी तिचा पूर्णवेळ कोच झाला. लेजर सेंटरच्या मागे एक पोर्टाकॅबिन, म्हणजे उचलून नेता येणारी तयार खोली, एक जाळी, बारा मुलं. कुश त्यांतला पहिला. इंग्लंडमध्ये वाढलेल्या मुलाला असं फेकताना बघायला स्पर्धेतल्या संघांचे अमेरिकन लोकसुद्धा थांबायचे.

आणि त्या वर्षी सगळीकडे ऑलिंपिकची भाषा होती. लंडन २०१२साठी उभं होतं. यजमानपद मिळालं तर यजमानांचा संघ म्हणून ब्रिटनला बेसबॉलमध्ये उतरता येईल, असं आमच्यातला प्रत्येक जण धरून चालला होता. शशीने हिशेब केला होता. “२०१२ला कुश सव्वीस वर्षांचा. पिचरचा खरा वय ते. मिलिंद, तुला कळतं का? सव्वीस!”

कुशला बर्मिंगहॅमला मेकॅनिकल इंजिनिअरिंगची जागा मिळाली होती. शशीच्या सांगण्यावरून त्याने ती एक वर्ष पुढे ढकलली. २००५च्या वसंतात युनिव्हर्सिटीने कळवलं, आता पुन्हा ढकलता येणार नाही, येता की सोडता? शशी जयंतरावांच्या घरी गेला. मीही सोबत होतो, आणि त्या बैठकीची मला अजून लाज वाटते, कारण मीसुद्धा मान डोलावली.

जयंतराव म्हणाले, “शशिधर, लंडनला मिळेलच कशावरून? सगळे तर पॅरिस म्हणतायत.”

“मिळेल,” शशी म्हणाला. “आणि नाही मिळाला तरी हा मुलगा अमेरिकेत खेळेल. मी त्याला पोचवणार. माझा शब्द.”

शिल्पाताईंनी कुशला विचारलं, “तुला काय हवंय?”

कुशने शशीकडे बघितलं. “कोच म्हणतात ते.”

जागा सोडली.

सहा जुलैला, बुधवारी दुपारी, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आम्ही सगळे टीव्हीसमोर उभे होतो. सिंगापूरहून निकाल आला: लंडन. लोकांनी कॉफीचे कप टेबलावर आपटले. माझा फोन वाजला. “होस्ट! मिलिंद, आपण होस्ट!” शशी ओरडत होता. मागे मुलांचा गलका होता. मग त्याचा आवाज बदलला. “बाबा असायला पाहिजे होते रे.” मला वाटतं, तो रडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंडनमध्ये बॉम्ब फुटले. ऋजुता त्या दिवशी क्लायंटच्या ऑफिसात लंडनला होती. फोन लागत नव्हते. शशी बेसिंगस्टोक स्टेशनवर जाऊन उभा राहिला, सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत, येणारी प्रत्येक गाडी बघत. ती शहरातून चालत वॉटर्लूला पोचली होती. गाडीतून उतरली तेव्हा तिच्या हातात सँडल होते. त्याने तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, “शशी, श्वास घेऊ दे.”

आणि शुक्रवारी, आठ तारखेला, त्याच सिंगापूरच्या बैठकीत एकेका खेळावर मतदान झालं, आणि २०१२च्या ऑलिंपिकमधून बेसबॉल काढून टाकण्यात आला. सॉफ्टबॉलही. एकोणीसशे छत्तीसनंतर पहिल्यांदाच कुठला खेळ असा काढला गेला, असं बातमीत म्हणत होते. बातमी होती दोन ओळींची. तेवढीच असणार. शहर अजून माणसं शोधत होतं.

मी संध्याकाळी पोर्टाकॅबिनवर गेलो. शशी खुर्चीत बसला होता. मुलांना त्याने घरी पाठवलं होतं.

“दोन दिवस,” तो म्हणाला. “फक्त दोन दिवस मी होस्ट होतो.”

“शशी...”

“आणि मी रडू पण नाही शकत, मिलिंद. काल लोक मेले. माझी बायको वाचली. मी कुठल्या तोंडाने म्हणू की माझा खेळ गेला?”

त्याने ते म्हटलंच नाही, कधीच. मला वाटतं तिथेच त्याच्या आत काहीतरी नासलं. दुःख करायला जागाच नव्हती. तो पुढच्या सोमवारपासून दुप्पट जोराने मुलांकडून सराव करून घ्यायला लागला. कुशला तो म्हणायचा, अमेरिका, आता फक्त अमेरिका. मास्तरांच्या जुन्या ओळखींना पत्रं पाठवायचा. उत्तरं येत नव्हती. कुश दिवसाला शंभर चेंडू फेकायचा आणि घरी जाताना त्याचा हात लोंबत असायचा.

एकदा मी म्हणालो, “पोराला जरा दम घेऊ दे.”

“टाइम नाही,” तो म्हणाला. कशासाठी टाइम नव्हता, हे तेव्हा त्यालाही सांगता आलं नसतं.

ऑगस्टच्या बँक हॉलिडेच्या रविवारी लंडनच्या एका संघाशी सामना होता. हवा दमट, मैदानावर कॅनडा गीज नावाच्या मोठ्या पाणपक्ष्यांची घाण, बघायला वीसेक माणसं. जयंतराव आणि शिल्पाताई खुर्च्या घेऊन आले होते. कुशने पहिल्या तीन डावांत एकालाही पळू दिलं नाही. चौथ्या डावात त्याचा एक चेंडू निसटला आणि बॅटरच्या हेल्मेटवर बसला. टक्क असा आवाज आला. बॅटर खाली बसला, हेल्मेट काढलं, डोकं चोळलं, हसला आणि उठला. काही झालं नव्हतं. खरंच काही झालं नव्हतं. चेंडू लागला की बॅटरला पहिला बेस, म्हणजे धावेचा पहिला टप्पा, फुकट मिळतो; तिकडे जाताना तो कुशला ‘ठीक आहे’ असा अंगठा वर करून गेला.

मी वहीत नोंद केली आणि वर बघितलं. कुश पांढरा पडला होता.

पुढचा चेंडू मातीत. त्याच्या पुढचा जाळीत. मग पुन्हा दोनदा मातीत. असे चार चेंडू वाया गेले की बॅटर फुकट बेसवर जातो; तो गेला. पुढच्या बॅटरलाही तेच सुरू. कुश हाताकडे बघायचा, पँटला पुसायचा, पुन्हा फेकायचा. लोक कुजबुजायला लागले. अशा वेळी कोच उठतो, माउंडवर चालत जातो, पिचरच्या खांद्यावर हात ठेवतो, दोन शब्द बोलतो किंवा त्याच्या हातातून चेंडू काढून घेतो. एवढंच काम. तीस पावलांचं.

शशी बाकावर बसला होता. त्याने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली होती.

“शशी, जा ना,” मी म्हणालो.

“दोन मिनिट.”

सहावा चेंडू. सातवा. मागून शिल्पाताईंचा आवाज आला, “कुश?” जशी आई स्वयंपाकघरातून हाक मारते तशी.

“शशी! जा!”

“जातो,” तो म्हणाला आणि हलला नाही. त्याचे पाय जमिनीला शिवल्यासारखे होते. मी वळून पाहिलं तर त्याच्या वरच्या ओठावर घाम होता आणि तो कुशकडे बघतच नव्हता. तो कुशच्या पलीकडे कुठेतरी बघत होता.

अकरा चेंडू. मी मोजले, कारण मोजणं माझं काम होतं. शेवटी बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा आमचा कॅचर पीट, व्यवसायाने प्लंबर, साधा माणूस, मास्क काढून स्वतःच माउंडवर गेला. त्याने कुशच्या मुठीतून चेंडू सोडवून घेतला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला बाहेर आणलं. कुश आमच्यासमोरून गेला, थेट गाडीपर्यंत. जयंतरावांनी खुर्च्या घडी केल्या. जाताना ते शशीसमोर थांबले.

“तुम्ही बसून राहिलात,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. “माझा मुलगा तिथे एकटा होता आणि तुम्ही बसून राहिलात.”

कुश सरावाला आला नाही. फोन घेत नव्हता. आठवडाभराने शशीने मला गाडीत बसवलं आणि मला तोवर माहीत नसलेला एकच तुकडा सांगितला: की बोटं अजूनही तशीच आहेत. सात वर्षांत एकदाही त्याने चेंडू फेकलेला नाही. खांदा वगैरे सगळं खोटं. “त्याला सांगायला पाहिजे,” तो म्हणाला. “तू ये. मी एकटा गेलो तर परत पार्किंगमधून येईन.”

आम्ही गेलो. शिल्पाताईंनी दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. कुश जिन्यावरून खाली आला. शशी म्हणाला, “माझ्याबरोबर पार्कात येतोस? दहा मिनिटं. मग पुन्हा नाही बोलावणार.”

दुपारी तीनचं ऊन होतं. मैदान रिकामं, गवत वाढलेलं. दोघं इंग्रजीत बोलत होते, मी माझ्या भाषेत सांगतोय. शशीने कुशला हॅन्सनचं सगळं सांगितलं, डोळ्याचं, पार्किंगचं, वडिलांशी बोललेल्या खोट्याचं. मग त्याने चेंडू घेतला आणि मला साडेसाठ फुटांवर ग्लोव्ह देऊन उभं केलं. तो माउंडवर चढला. तिथे उभा असलेला शशी क्षणभर जो काही दिसला! पाय, कंबर, खांदा, सगळं एखाद्या सुरेख यंत्रासारखं फिरलं. आणि शेवटी, हात पुढे आल्यावर, मनगट एकदम आखडलं आणि चेंडू त्याच्या स्वतःच्या पायाशी पडला.

त्याने तो उचलून पुन्हा फेकला. पुन्हा तेच. पाचव्यांदा मी म्हणालो, “पुरे, शशी.” तो थांबला नाही. आठव्यांदा चेंडू उजवीकडे झुडपात गेला, तेव्हा तो थांबला.

“हे असं होतं,” तो कुशला म्हणाला. “तुझ्यात काही बिघडलेलं नाही. हे होतं. मला होतं. म्हणून मी उठू शकलो नाही.”

मला वाटलं होतं, पोरगं रडेल, कोचच्या गळ्यात पडेल. माणूस असलं काहीतरी मनात धरून असतो.

“म्हणजे तिथे काय वाटतं ते तुम्हाला माहीत होतं,” कुश म्हणाला. “सगळ्या मैदानात फक्त तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“आणि तरी तुम्ही मला तिथे ठेवलंत.”

कुश झुडपांच्या कुंपणातल्या फटीतून निघून घरी गेला. आम्ही तो झुडपातला चेंडू शोधत बसलो. का, कोण जाणे. मिळाला नाही.

बर्मिंगहॅमची जागा तर गेलीच होती. क्लिअरिंगमध्ये, म्हणजे उरलेल्या जागांच्या वाटपात, जयंतरावांनी दोन दिवस फोन करून कुशला पोर्ट्समथला कसल्याशा वेगळ्या कोर्सला घातलं. तो पुन्हा खेळला नाही, असं मी ऐकून आहे. माझा त्याच्याशी नंतर संबंध आला नाही, शशीचाही नाही.

नोव्हेंबरात अकादमी बंद झाली. ऑलिंपिकच नाही तर कशाला हवी? पोर्टाकॅबिन एका ट्रकवर चढवून नेली. पुढच्या मोसमात हेरन्सला नऊ माणसंही जमेनात आणि कौन्सिलने मैदान फुटबॉलला दिलं.

त्यानंतरची दोन वर्षं शशी घरात होता. मी जायचो तेव्हा तो सोफ्यावर असायचा, टीव्ही चालू, आवाज बंद. ऋजुता कामावर जायची, यायची, स्वयंपाक करायची. एकदा ती मला दाराबाहेर येऊन म्हणाली, “मिलिंद, तो माझ्याशी भांडत पण नाही. मी ताट समोर ठेवते, तो थँक्यू म्हणतो. पाहुण्यासारखा. मी काय करू, सांग?” तिने डॉक्टरकडे नेलं. गोळ्या झाल्या. बर्मिंगहॅमहून सुमनताई येऊन महिनाभर राहिल्या. त्यांनी त्याला भाजी निवडायला बसवायचं, तो निवडायचा. एकदा त्याने आईला ते वडिलांशी बोललेलं खोटं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुझ्या बाबांना माहीत होतं रे. तुझा चेहरा त्यांना वाचता येत नव्हता होय?” याने त्याला हलकं वाटेल असं त्यांना वाटलं असावं. त्या रात्रीपासून तो चार दिवस जेवला नाही. बाबांना माहीत होतं आणि तरी ते ‘बरं केलंस’ म्हणाले, हे त्याला सोसवेना.

मग एका सकाळी तो उठला आणि आंघोळ करून आईला बाजारात घेऊन गेला. का उठला, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हळूहळू एका शाळेत त्याला खेळाच्या तासाला मदतनीस म्हणून काम मिळालं.

२००८च्या मे महिन्यात आमच्या बिझनेस पार्कातल्या कंपन्यांची बुधवारची सॉफ्टबॉल स्पर्धा सुरू झाली. बायका-पुरुष एकत्र, ऑफिसच्या कपड्यांवर टी-शर्ट चढवून आलेले, अर्ध्यांना नियम माहीत नाहीत, सगळ्यांचं लक्ष नंतरच्या पबकडे. आमच्या संघाला एक माणूस कमी पडत होता. ऋजुता म्हणाली, “याला ने. नुसता उभा राहील.” तो आला, नुसता उभा राहिला. दुसऱ्या डावात आमची पिचर, अकाउंट्समधली एक बाई, बोट मुरगळून बसली आणि कुणीतरी चेंडू शशीकडे ढकलला.

“मी नाही फेकत,” तो म्हणाला.

“अरे, खालून टाकायचा आहे,” मी म्हणालो. सॉफ्टबॉलमध्ये हात खांद्यावरून येत नाही. कमरेखालून, लोंबता, उंच, हळू टाकायचा असतो, समोरच्याला मारता यावा असा.

त्याने चेंडू हातात फिरवला. माझ्याकडे बघितलं. मग हात मागे नेला आणि टाकला. चेंडू वर गेला, आरामात खाली आला, आणि समोरच्या एचआरवालीने तो जोरात हाणला. सगळे ओरडले. शशी उडालेल्या चेंडूकडे बघत उभा राहिला.

“गेला,” तो म्हणाला.

“लांब गेला,” मी म्हणालो.

“नाही रे. हातातून. हातातून गेला.”

आम्ही तो सामना एकोणीस-सहाने हरलो. ताशी एकोणनव्वद मैल वेगाने फेकणारा माणूस त्या संध्याकाळी साठ-सत्तर चेंडू एखाद्या मुलीला झोका द्यावा तसे टाकत होता, आणि प्रत्येक टाकून झाला की आपल्या बोटांकडे बघत होता. पबमध्ये तो आला नाही. ऋजुता गाडीत वाट बघत होती. तिने काच खाली करून मला विचारलं, “कसं झालं?” तो मागून येत होता म्हणून मी नुसती मान डोलावली.

पुढच्या बुधवारी तो पाच मिनिटं आधी आला होता, आणि अकाउंट्सवाल्या बाईला पाऊल कुठे टाकायचं ते सांगत होता.